हाती येतील त्या पानांतून

ज्याच्याकडे एकही कार्ड नाही, त्यानं हा खेळ कुठून सुरू करावा? मीरा रोड आणि भाईंदरच्या मुलामुलींनी मला सर्वांत जास्त वेळा विचारलेला प्रश्न हाच. ट्रेडिंग कार्ड गेमबद्दल त्यांनी ऐकलेलं असतं, एखाद्या मित्राची जाडजूड फाइल पाहिलेली असते, एकेका कार्डाची किंमत ऐकून घरच्यांपुढे विषय काढायचा धीर झालेला नसतो. माझं उत्तर ठरलेलं आहे: ड्राफ्टपासून सुरू करा. ड्राफ्टला बसताना कुणाकडेच काही नसतं. आठ जण गोल बसतात, प्रत्येकापुढे तीन बंद पाकिटं असतात, आणि त्या घडीला पंधरा वर्षं खेळणारा आणि आज पहिल्यांदा आलेला यांच्या मालकीची कार्डं सारखीच असतात, म्हणजे शून्य.

हे उत्तर तोंडी देता देता त्याचे कागद झाले, आणि कागदांची ही पुस्तिका झाली. ड्राफ्ट कसा करावा आणि त्यातून चाळीस पानांचा डेक कसा बांधावा, एवढाच तिचा विषय. ती मराठीत लिहिण्याचं कारण साधं आहे. आमच्या टेबलावर कार्डावरचा मजकूर इंग्रजीत असतो, पण विचार होतो तो मराठीत, हिंदीत आणि गुजरातीत. "हे पान सोडू नको", "लाल कुणीतरी वरून कापतंय", "दोनाचं काहीच नाही माझ्याकडे" ही आमची रोजची भाषा. इंग्रजीत या विषयावर भरपूर लिहिलं गेलं आहे. आपल्या बोलण्यात मात्र ते ज्ञान एकाकडून दुसऱ्याकडे तोंडीच जातं आणि वाटेत अर्धं गळतं. ते कुठेतरी नीट लिहून ठेवावं असं वाटत होतं.

पत्त्यांचं आपल्याला नवल नाही. भाईंदरहून सुटणाऱ्या सकाळच्या चर्चगेट लोकलमध्ये समोरासमोरच्या बाकांवर चौघं बसतात, गुडघ्यांवर एक बॅग आडवी होते, तिच्यावर वर्तमानपत्राची घडी, आणि बोरिवली यायच्या आत मेंढीकोटचा डाव रंगलेला असतो. या मंडळींचं कसब मी लहानपणापासून उभ्यानं पाहिलं आहे. समोरच्या भिडूनं कुठली उतारी केली, कुणी कुठल्या रंगात पान टाकलं नाही, कुठली मेंढी अजून बाहेर आहे, हे सगळं त्यांच्या डोक्यात असतं आणि चेहऱ्यावर काही दिसत नाही.

पाच-तीन-दोन खेळलेल्या माणसाला तर ड्राफ्टचं मर्म अर्धं ठाऊकच असतं. तीस पानं, तीन खेळाडू. आधी पाच-पाच पानं वाटायची, आणि ज्याला पाच हात करायचे आहेत त्यानं तेवढ्यावरून हुकूम बोलायचा. पुढची पाच कशी येतील हे त्याला माहीत नसतं. तरी बोलावं लागतं, आणि बोलल्यावर निभावावं लागतं. अपुऱ्या माहितीवर निर्णय घ्यायचा आणि पुढे आलेल्या पानांनी तो खरा करायचा, हे शिक्षण आपल्याकडे सुट्टीत आजोळच्या माजघरात मिळायचं.

त्याही मागे गेलो तर सावंतवाडीची गंजिफा आहे. गोल, हातानं रंगवलेली, लाखेचा लेप दिलेली पानं. दशावतारी गंजिफेत मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक्का ते दश्शी अशी बारा पानं, एकूण १२०. दिवसा खेळताना रामाच्या राजानं सुरुवात करायची, रात्री कृष्णाच्या. खेळणाऱ्यांअभावी ही कला विझत चालली होती तेव्हा सावंतवाडीच्या राजघराण्यानं, विशेषतः सत्त्वशीलादेवी भोसले यांनी, ती चितारींच्या हातांत पुन्हा जिवंत केली. चित्र, कथा आणि डाव या तिन्ही गोष्टी एकाच पानात नांदतात, ही कल्पना परदेशातून यायची आपल्याला गरज नव्हती. आजचं एखादं सुंदर कार्ड हातात घेताना मला ही जुनी पानं आठवतात.

तरी एक मोठा फरक आहे. मेंढीकोट असो वा गंजिफा, संच ठरलेला असतो. पानं पिसली जातात, वाटली जातात, आणि वाटून आलेल्यावर खेळायचं असतं. १९९३ साली अमेरिकेत रिचर्ड गारफिल्ड या गणितज्ञानं बनवलेला 'मॅजिक: द गॅदरिंग' बाजारात आला आणि ही चौकट बदलली. इथे प्रत्येक खेळाडू स्वतःचा संच घेऊन येतो. शेकडो वेगवेगळ्या कार्डांतून तो स्वतःचा डेक बांधतो, आणि दोन खेळाडूंचे डेक एकमेकांसारखे नसतात. डाव सुरू होण्याआधीच खेळाचा अर्धा भाग होऊन गेलेला असतो, तो म्हणजे बांधणी. पुढे पोकेमॉन आला, यु-गि-ओह आला, आणखी कितीतरी आले, पण पाया तोच राहिला.

या कल्पनेतच एक अडचण दडलेली आहे. कार्डं विकत घ्यायची असतात, आणि दुर्मीळ कार्डं महाग असतात. घरून आपला डेक बांधून आणायच्या प्रकारात, ज्याला कन्स्ट्रक्टेड म्हणतात, पैसा कौशल्याची जागा घेत नाही हे खरं. पण दाराशी तोच उभा असतो. ड्राफ्ट आणि सील्ड हे दोन प्रकार मिळून होतो तो लिमिटेड, म्हणजे मर्यादित खेळ. त्यात घरून काही आणायचं नसतं. आत्ता फोडलेल्या पाकिटांतून निघेल तेवढंच, आणि सगळ्यांना सारखंच. मर्यादा हा शब्द आपण बहुतेक वेळा कमतरतेच्या अर्थानं वापरतो. इथे मर्यादा सगळ्यांना एकाच ओळीत उभं करते. मला हा खेळ प्रिय असण्याचं पहिलं कारण हे आहे.

ड्राफ्टची रीत सांगायला सोपी आहे. आठ खेळाडू गोल बसतात. प्रत्येकजण आपलं पहिलं पाकीट फोडतो. कित्येक वर्षं पाकिटात १५ कार्डं असत. २०२४ पासूनच्या मॅजिकच्या नव्या पाकिटांत १४ असतात. हिशेब सोपा पडावा म्हणून पुस्तिकेत मी १५ धरली आहेत. पंधरातलं एक ठेवायचं, उरलेली चौदा पालथी करून डावीकडच्याला द्यायची. उजवीकडून आपल्याला चौदा येतात. त्यातलं एक ठेवायचं, तेरा पुढे. पाकीट संपेपर्यंत असंच. दुसरं पाकीट उजवीकडे फिरतं, तिसरं पुन्हा डावीकडे. शेवटी प्रत्येकाकडे ४५ कार्डं जमतात. त्यातली २२-२३ निवडून, त्यांत १७-१८ लँड घालून ४० पानांचा डेक करायचा. लँड म्हणजे जमिनीची पानं. ती हवी तेवढी मिळतात, आणि इतर पानांचा खर्च त्यांच्यातून निघतो. हा खर्च 'माना'मध्ये मोजतात.

लँड पाच प्रकारच्या, म्हणून रंगही पाच: मैदानाचा पांढरा, बेटाचा निळा, दलदलीचा काळा, डोंगराचा लाल, जंगलाचा हिरवा. नव्या मुलांना हे शिकवताना मला गावाबाहेर जावं लागत नाही. उत्तनचा समुद्र, खाडीकाठची खारफुटी, काशीमिऱ्यामागचे डोंगर, राष्ट्रीय उद्यानाचं जंगल आणि भाईंदरच्या मिठागरांची सपाट जमीन: पाचही रंग आपल्या हद्दीत किंवा हद्दीला लागून आहेत. मुलं ते एकदा ऐकतात आणि विसरत नाहीत.

आता थोडा आकड्यांचा हिशेब, कारण तो डोळे उघडतो. एका फेरीत टेबलावर आठ पाकिटांची १२० कार्डं असतात. तुमचं पाकीट तुम्ही पूर्ण पाहता, पुढचं चौदा कार्डांचं, त्यापुढचं तेरा, असं करत आठवं आठ कार्डांचं. बेरीज ९२. म्हणजे १२० पैकी ९२ कार्डं तुमच्या डोळ्यांखालून जातात आणि फक्त २८ कधीच दिसत नाहीत. मग नवव्या खेपेला तुमचं पहिलंच पाकीट फिरून परत येतं, सात कार्डं उरलेली. मधल्या आठ कार्डांपैकी एक तुम्ही घेतलेलं असतं. उरलेली सात म्हणजे टेबलावरच्या इतर सात जणांची एकेक पसंती. तोंडातून एक शब्द न निघता प्रत्येकानं आपलं मन सांगितलेलं असतं. ते वाचता येणं म्हणजे ड्राफ्ट येणं.

हे जवळून दाखवायला मला २०१६ सालच्या दिवाळीनंतरचा एक रविवार आठवतो. त्या वर्षी सप्टेंबरअखेर मॅजिकचा 'कलादेश' हा संच आला होता. भारतीय वळणाचं जग, घिरापूर नावाचं शहर, साडीसारखी वस्त्रं नेसलेल्या संशोधक स्त्रिया, पितळी नक्षीची यंत्रं, चंद्रा आणि सहेली अशी नावं. २०२५ च्या 'ईथरड्रिफ्ट' संचात त्याच जगाचं नाव बदलून 'अविष्कार' झालं. आपल्यासारख्या माणसांची चित्रं या कार्डांवर पाहण्याचा तो आनंद वेगळाच होता. ३६ पाकिटांचा एक बॉक्स आमच्यापैकी एकाच्या नातेवाइकानं परदेशातून आणला. २४ पाकिटं आठ जणांच्या ड्राफ्टला लागतात. उरलेली १२ पुढच्या रविवारी दोघांच्या सील्डला ठेवली.

पहिल्या पाकिटात माझ्यासमोर तीन पानं उठून दिसत होती. एक दोन रंगांचं दुर्मीळ कार्ड, चकचकीत आणि मोहात पाडणारं. दुसरं 'वेल्डिंग स्पार्क्स', समोरच्याचा प्राणी जाळून टाकणारं लाल कार्ड. तिसरं 'रेनेगेड फ्रेटर', मालवाहू गाडी. तिला रंगच नाही, त्यामुळे कुठल्याही डेकमध्ये बसते आणि एकदा धावू लागली की थांबवायला अवघड. मी फ्रेटर घेतली. दोन रंगांचं कार्ड पहिल्याच खेपेला घेणं म्हणजे पाहुण्यांची संख्या कळायच्या आधी आचाऱ्याला सगळा मेनू सांगून टाकणं. पहिल्या काही खेपांत हात मोकळे ठेवायचे असतात.

दुसऱ्या आणि तिसऱ्या खेपेला मी लाल आणि हिरवं असं एकेक पान घेतलं. पाचव्या खेपेला 'थ्रायव्हिंग ऱ्हायनो' आला. तीन मानाचा गेंडा, एनर्जी साठवून हल्ल्यागणिक मोठा होणारा. संचातल्या चांगल्या साध्या कार्डांपैकी एक. तो पाचव्या हाताला उरतो म्हणजे उजवीकडच्या चौघांनी त्याला हात लावला नव्हता. कान टवकारले. नवव्या खेपेला माझं पहिलं पाकीट फिरून आलं तेव्हा त्यात 'आर्बरबॅक स्टॉम्पर' तसाच होता. पाच मानाचा धिप्पाड हिरवा प्राणी, येताना पाच जीवही देणारा. मी तो पहिल्यांदा पाहिला होता, सोडला होता, आणि सात जणांनी तो सोडला. वेल्डिंग स्पार्क्स मात्र गेलं होतं, दोन रंगांचं कार्डही गेलं होतं. टेबल मला स्पष्ट सांगत होतं: हिरवा मोकळा आहे.

तिथून पुढे मी हिरवं चांगलं पान डावीकडे जाऊ दिलं नाही. याचं फळ दुसऱ्या पाकिटात मिळतं, कारण तेव्हा फेरी उलटी होते आणि डावीकडचा मला पानं देतो. त्याला पहिल्या फेरीत हिरवं फारसं दिसलं नव्हतं म्हणून तो दुसऱ्या रंगांत गेला होता, आणि दुसऱ्या फेरीत त्याच्याकडून हिरव्याची रीघ लागली. लाल-हिरवा 'व्होल्टेइक ब्रॉलर' दुसऱ्या फेरीच्या चौथ्या खेपेला आला, आणि पहिल्या फेरीतली लाल पानं कामी आली. त्या दिवशी मी काही मोठा डाव रचला नव्हता. शेजारी काय सोडतात ते ऐकलं, आणि शेजाऱ्याला काय सोडतो याकडे लक्ष ठेवलं, एवढंच.

याआधीच्या माझ्या पहिल्या ड्राफ्टची गोष्ट याच्या उलट आहे, आणि नवशिक्यांसाठी ती जास्त उपयोगाची. तेव्हा प्रत्येक पाकिटातलं सर्वांत ताकदवान पान मी उचलत गेलो. शेवटी हातात चार रंगांची उत्तमोत्तम कार्डं होती आणि त्यातल्या कुठल्याच दोन रंगांचा मिळून डेक होत नव्हता. तीन रंग खेळलो. हातात लाल पानं, समोर हिरव्या आणि काळ्या लँड, असं पाहत तिन्ही डाव हरलो. चांगल्या पानांचा ढीग म्हणजे डेक नव्हे, हे मला त्या संध्याकाळी कळलं. या पुस्तिकेतली निम्मी प्रकरणं त्या एका धड्याचा विस्तार आहेत.

ताकद आधी पाहायची की गरज, हा ड्राफ्टमधला जुना वाद आहे आणि क्रिकेटनं तो आपल्यासमोर जाहीरपणे खेळून दाखवला आहे. २००८ साली आयपीएलच्या पहिल्या हंगामाआधी १९ वर्षांखालच्या खेळाडूंचा ड्राफ्ट झाला. पहिली निवड दिल्लीची होती. सेहवाग, गंभीर, डिव्हिलियर्स असे फलंदाज त्यांच्याकडे आधीच होते, म्हणून त्यांनी डावखुरा वेगवान गोलंदाज प्रदीप सांगवान घेतला. विराट कोहली बंगळुरूकडे गेला. दिल्लीचा निर्णय त्या दिवशी असमंजस नव्हता. संघाचं भोक बुजवणारा होता. पण पहिल्या खेपेला भोक बुजवायचं नसतं, कारण तेव्हा आपला संघ काय होणार हेच पुरतं ठरलेलं नसतं. २०१५ च्या डिसेंबरात पुणे आणि राजकोट हे दोन नवे संघ आळीपाळीनं खेळाडू निवडायला बसले. पुण्यानं पहिलं नाव धोनीचं घेतलं, राजकोटनं रैनाचं. पुढे पुण्याकडे रहाणे, अश्विन, स्मिथ आणि डु प्लेसी आले, तर राजकोटकडे जडेजा, मॅक्युलम, फॉकनर आणि ब्राव्हो. यादी शांतपणे वाचली तर दिसतं की दोघांनी आधी बळ घेतलं आणि नंतर तोल साधला. ड्राफ्टचा क्रम हाच: सुरुवातीला ताकद, मधे दिशा, शेवटी गरज.

यानंतर येते बांधणी, आणि माझ्या मते लिमिटेडचा खरा कस तिथे लागतो. ४५ कार्डांतून २३ ठेवायची म्हणजे २२ बाजूला काढायची. जिवावर येतं. एखादं पान हौसेनं घेतलेलं असतं, एखाद्याचं चित्र आवडलेलं असतं. पण अकरा जणांच्या संघात अकराही जण तडाखेबंद फलंदाज घेऊन चालत नाही. कुणीतरी यष्टिरक्षण करायचं असतं, कुणी मधली षटकं टाकायची असतात. डेकमध्येही दोन मानाची साधी पानं लागतात, जी डावातल्या दुसऱ्याच पाळीला मैदानात उतरून पुढच्या मोठ्या पानांना वेळ मिळवून देतात. कार्डं त्यांच्या खर्चाप्रमाणे टेबलावर रांगा लावून मांडली की एक चढउतार दिसतो. त्यालाच कर्व्ह म्हणतात. दोन आणि तीनच्या रांगा लांब, चारची मध्यम, पाच आणि सहाच्या आखूड. माझ्याकडे डेक दाखवायला येणाऱ्याला मी आधी या रांगा मांडायला लावतो. बहुतेक वेळा चूक त्याला स्वतःलाच दिसते, मला बोलावं लागत नाही.

लँड किती घालायच्या यावर नवशिके फार कंजूषपणा करतात. चांगल्या पानासाठी जागा करायची म्हणून सतराच्या चौदा करतात, आणि मग नशिबाला बोल लावतात. गणित पाहा. ४० पानांत १७ लँड असतील, तर पहिल्या सात पानांत सरासरी तीन लँड येतात. शंभर वेळा सात पानं उचलली तर सुमारे ७९ वेळा दोन ते चार लँड मिळतात, म्हणजे खेळता येण्याजोगा हात. साधारण दहा-अकरा वेळा एक किंवा एकही नाही, आणि जवळजवळ तितक्याच वेळा पाच किंवा त्याहून जास्त. सतरा हा आकडा कुणी मनानं ठरवलेला नाही. दोन्ही बाजूंच्या आपत्ती सारख्या वाटल्या जातील अशा ठिकाणी तो उभा आहे. गाऱ्हाणं करण्याआधी सतरा घाला, एवढंच मी हात जोडून सांगतो.

सील्डबद्दल थोडक्यात. यात कुणाकडून कुणाकडे काही जात नाही. प्रत्येकाला सहा पाकिटं, त्यातून ४० पानांचा डेक. नव्या संचाच्या स्वागताचे खेळ बहुधा असेच होतात. इथे शेजाऱ्याला वाचायचं नसतं, पण स्वतःच्या पानांना नीट वाचावं लागतं. बांधणीचा सराव करायला सील्डसारखा गुरू नाही. पुस्तिकेत त्याला एक स्वतंत्र प्रकरण दिलं आहे.

आता आमच्या टेबलाबद्दल. मीरा-भाईंदर हे एका ठिकाणाहून आलेल्या माणसांचं शहर नाही. उत्तन-डोंगरीचे कोळी आणि ईस्ट इंडियन, भाईंदर गावातले आगरी, गिरगाव-लालबागमधून परवडेल अशा घरासाठी इथवर आलेली मराठी कुटुंबं, गुजराती, राजस्थानी, उत्तर प्रदेशातले, नया नगरातले. २००१ च्या जनगणनेत सव्वापाच लाखांच्या आसपास असलेली वस्ती २०११ ला आठ लाखांवर गेली. २००२ साली महानगरपालिका झाली. अशा शहरात अनोळखी माणसांना एकत्र बसवणारी टेबलं कमी असतात. ड्राफ्टला बरोबर आठ जण हवेत, म्हणून आम्हांला माणसं शोधावी लागली: सोसायटीतली, कॉलेजातली, लोकलमधली. एका रविवारी नववीतली मुलगी, स्टीलच्या गाळ्यात काम करणारा तरुण, बँकेतून निवृत्त झालेले एक काका आणि सीएच्या परीक्षेला बसलेला मुलगा एकाच टेबलावर होते. ड्राफ्ट चालू असताना बोलायचं नसतं. अर्धा-पाऊण तास आठ माणसं गप्प बसून एकमेकांना पानं देत राहतात, आणि त्या शांततेत एकमेकांच्या सवयी जितक्या कळतात तितक्या गप्पांतून कळायला महिने लागतात.

दर वेळी नवी पाकिटं फोडणं आम्हांला परवडणारं नव्हतं. त्यावर तोडगा म्हणजे क्यूब. आपण स्वतः कार्डं निवडून एक कायमचा संच करायचा, दर वेळी त्याची हातानं पाकिटं बांधायची, खेळ झाला की सगळी परत मिसळायची. आठ जणांना ४५ कार्डं, म्हणून क्यूब किमान ३६० चा. आमचा क्यूब फक्त साध्या, स्वस्त कार्डांचा आहे. इतरांच्या दृष्टीनं ती रद्दी होती. कुणी फुकट दिली, कुणी ढिगानं विकली. पण रद्दीतून नीट निवडलेली ३६० कार्डं वर्षानुवर्षं खेळ देतात, हे आम्ही पाहिलं आहे. ती राहतात भाईंदर पूर्वेच्या एका गाळ्यात बनलेल्या स्टीलच्या चौकोनी डब्यात. पावसाळ्यात इथल्या हवेत ओल इतकी असते की चकचकीत कार्डं कमानीसारखी वाकतात, म्हणून डब्यात सिलिका जेलच्या पुड्या असतात आणि प्रत्येक कार्डाला प्लॅस्टिकचं कव्हर.

'एमटीजी अरेना' या मॅजिकच्या ऑनलाइन खेळात, आता फोनवरही, एकट्यानं ड्राफ्ट करता येतो. आमच्यातले काही जण विरार लोकलमध्ये उभ्या उभ्या तो करतात. सरावाला ते उत्तम आहे, आणि ज्यांच्या गावात आठ माणसं जमत नाहीत त्यांच्यासाठी तर वरदान. पण शेजाऱ्याच्या हातातून आलेलं पान आणि पडद्यावर उमटलेलं पान यांत फरक आहे. पुस्तिकेतले सराव दोन्हीकडे करता येतील असे ठेवले आहेत. शक्य असेल तर टेबलावर करा.

पुस्तिका क्रमानं वाचायची गरज नाही. अगदी नवा वाचक पहिल्या दोन प्रकरणांवर थांबून एक ड्राफ्ट खेळून आला तर पुढचं अधिक कळेल. अनुभवी खेळाडूनं संकेतांचं आणि कर्व्हचं प्रकरण आधी काढावं. शेवटी क्यूब कसा बांधावा याचा आराखडा आहे; तो या पुस्तिकेतला मला सर्वांत महत्त्वाचा भाग वाटतो, कारण त्यातून एका टेबलाची आठ टेबलं होऊ शकतात. ज्यांनी रविवारी सोसायटीच्या सभागृहाची किल्ली दिली, ज्यांनी हरल्यावर आपले डेक लाजेनं न झाकता मांडून दाखवले, आणि ज्यांनी या कागदांवर खुणा करून माझ्या चुका दाखवल्या, त्या सर्वांचा मी ऋणी आहे.

एक रीत मात्र इथेच सांगून ठेवतो, कारण ती कुठल्याही प्रकरणात बसली नाही. खेळ संपल्यावर कार्डं रंगांप्रमाणे लावून मोजली जातात. जिंकलेला मोजतो, हरलेले ढीग लावतात. ३५९ भरली तर कुणी उठत नाही. खुर्च्या सरकवतात, पिशव्या झटकतात, खिसे पाहतात. हरवलेलं पान बहुतेक वेळा कुणाच्या तरी हौसेनं घेतलेलं आणि डेकमध्ये न बसलेलं असं एखादं साधं पान असतं, बाजारात ज्याची किंमत काहीच नाही. तरी ते सापडेपर्यंत आठही जण शोधतात. कारण पुढच्या रविवारी तेच पान कुणाच्या तरी हातात येणार असतं, आणि ते कुणाचं तेविसावं पान ठरेल हे आज कुणालाच माहीत नसतं.

मीरा रोड